अन्सेल्मोसाठी एक सही

"युफेमिया, जरा पुढे ये बघू! लोकांना दिसू दे तू!" जेराल्ड व्होंडरहार माइकवरून ओरडला.

कॉफीची किटली हातात घेऊनच युफेमिया पुढे झाली. चर्चच्या सभागृहात टाळ्या पडल्या. ग्वाटेमालाहून अमेरिकेत आल्यापासून, नेब्रास्कातल्या या गावात बावीस वर्षं ती वेदीची वस्त्रं धूत होती. जेराल्डला तिचं नाव धड घेता येऊ लागलं ते याच आठवड्यात. तो चर्च समितीचा अध्यक्ष आणि आजची सभा त्याचीच: 'परक्यांचं स्वागत आणि स्थलांतराचा नवा कायदा'. परक्यांना आसरा द्या, असं सांगणारं बिशपांचं पत्र त्याने गहिवरून वाचलं. बाळ येशूसुद्धा इजिप्तला पळालेला निर्वासितच होता, असं म्हणताना डोळे पुसले. ते कोरडे होते, हे युफेमियाने जवळून पाहिलं.

मागच्या खुर्चीतून म्हातारा ड्वेन क्रॅटोक्विल गुरगुरला, "कायदा तो कायदा. चोरून आले त्यांनी परत जावं."

"शी! चर्चमध्ये असं बोलतात?" बायका कुजबुजल्या.

युफेमियाने किटली खाली ठेवून खिशातून कागद काढला. "साहेब, माझ्या नवऱ्याला, अन्सेल्मोला, कागदपत्रं नाहीत म्हणून मांसाच्या कारखान्यातून धरून नेलंय. सोमवारी न्यायाधीशापुढे उभा करतील. तो भला माणूस आहे, एवढंच लिहिलंय. सही कराल?"

जेराल्डचं हसू नासलं. "अगं, आपण धोरणाबद्दल बोलतोय ना! एकेकाच्या भानगडीत चर्चला पडता येत नाही. प्रार्थना करू हं आम्ही."

कागद टेबलाटेबलावरून फिरला. कुणाचा चष्मा घरी राहिला होता, कुणाला नवऱ्याला विचारायचं होतं. केक मात्र सगळ्यांना नीट दिसत होता. तिला शिसारी आली. राग वाया घालवावा इतक्याही लायकीची ही माणसं नव्हती.

"आण इकडे," ड्वेन म्हणाला. "तुम्ही यायलाच नको होतं, हे माझं मत काही बदललेलं नाही."

"मग सही कशाला करता?"

"माझी बायको एडना गेली तेव्हा जमीन गोठून दगड झालेली. कबर खणायला कुदळ घेऊन तुझ्या नवऱ्याशिवाय कोण आलं? हे टाळ्या पिटणारे?"

त्याने सही केली. कागदावर तेवढी एकच.

सोमवारी न्यायाधीशाने तो कागद वाचला आणि अन्सेल्मोला ग्वाटेमालाला धाडलं.

पुढच्या रविवारी जेराल्ड चर्चच्या दारातच आडवा आला. "युफेमिया, वेदीवरचं कापड मळलंय गं."

"मग धुवा की!"

ती आत गेली आणि ड्वेन एकटाच बसला होता त्या शेवटच्या बाकापाशी थांबली. त्याने वर पाहिलं नाही. शेजारच्या जागेवर ठेवलेली हॅट तेवढी उचलून त्याने मांडीवर घेतली.