मामा उभा राहिल्याशिवाय

आमच्या घराण्यात जिवापेक्षा मान मोठा, आणि मला त्याची भयंकर चीड येते.

चांदवडला पिंकीचं लग्न होतं. पिंकी म्हणजे सिंधुआत्याची मुलगी आणि आत्या माझ्या वडिलांची सख्खी बहीण. म्हणजे अण्णा नवरीचे मामा. नवरीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. मुहूर्त कधीच टळून गेला होता, तरी नवरदेवाची मिरवणूक लॉन्सच्या गेटबाहेर डीजेपुढे नाचतच होती.

अण्णा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, डायबेटिस जुना. तपासणीच्या आधी चार दिवस कारलं आणि बाजरीची भाकरी खायची, रिपोर्ट चांगला आला की कॉलनीभर मिरवायचं आणि येताना जिलबी आणायची, ही त्यांची पद्धत. शेवटी डॉक्टर मॅडमनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी केली आणि सोंग उघडं पडलं. "साखर अशी वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब होतात," त्या म्हणाल्या होत्या. "आणि तुम्हाला अटॅक आला तर छातीत दुखेलच असं नाही. नुसता घाम येईल, दम लागेल. तेवढ्यावर निघून यायचं." अण्णांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

मी शोधत गेले तेव्हा ते मांडवात खुर्चीवर बसले होते. फेटा भिजलेला, सदरा पाठीला चिकटलेला, धाप लागलेली.

"साखर कमी झाली असंल," आत्या म्हणाली आणि सरबताचा ग्लास त्यांच्या तोंडाशी नेला.

मी तो बाजूला केला. पर्समध्ये साखर मोजायचं मशीन होतं. बोट टोचून बघितलं तर आकडा तीनशेच्या वर.

"साखर कमी नाहीये, आत्या. हे हृदयाचं आहे. गाडी काढायला सांग."

"मशीनचं काय खरं असतंय? आन् मामा उभा राहिल्याशिवाय लगीन कसं लागंल? आता येतीलच ते. जरा दम धर."

"अण्णा, उठा."

"छातीत दुखत नाय ना, सायले," अण्णा म्हणाले. "उन्हाचं झालंय. पोरीचं लगीन हाय, माझ्यापायी खोळंबा नको."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. भोवती ही गर्दी जमलेली. कोणी कांदा हुंगवत होतं, कोणी सोडा आणायला पळालं होतं. गाडीची किल्ली मात्र एकाच्याही खिशातून निघेना. आत्याच्या जावेने मला बाजूला घेतलं आणि लग्नघरात असं अभद्र बोलू नये, म्हणून समजावलं.

मी तडक स्टेजवर गेले. तिथे एक गृहस्थ माइकवरून पुढाऱ्यांची नावं घेत स्वागत करत होते. त्यांच्या हातातला माइक मी ओढून घेतला. "माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आलाय. कोणाची गाडी असेल त्यांनी आत्ताच्या आत्ता गेटपाशी आणा."

डीजे थांबला. आत्या रडत रडत मला शिव्या द्यायला लागली. गाडी काढली ती नवरदेवाकडच्या एका माणसाने, ज्याचं नावही मला माहीत नव्हतं. नाशिकपर्यंत अण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. चारचौघांत मी त्यांची शोभा केली होती ना.

दवाखान्यात लगेच स्टेंट टाकला. जीव वाचला, पण हृदयाचा बराचसा भाग कायमचा गेला. थोडं आधी आणलं असतं तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत अण्णांनी डोळे उघडून पहिलं विचारलं, "लगीन लागलं का?"

"लागलं."

"मामा म्हणून कोण उभं राहिलं?"

"दत्तूकाका."

दत्तूकाका त्यांचे चुलतभाऊ. आमची गाडी गेटबाहेर पडली, मिरवणूक मुकाट आत आली आणि गुरुजींनी पंगतीतून दत्तूकाकांना उठवून उभं केलं. हे आत्यानेच मला फोनवर सांगितलं होतं, सगळं कसं सुरळीत पार पडलं ते.

अण्णा म्हणाले, "मंग मला कशाला बसवून ठिवलं त्यांनी?"

नाकात नळ्या, हाताला सलाईन. तरीही मला राग आवरला नाही.

"तुम्हाला कोणी बांधून ठेवलं नव्हतं, अण्णा."