मातीचा स्वार आणि आयर्लंडची जमीन

जुना असलो म्हणून काय झालं, मित्रांनो, घोड्यावरून अजून उतरलेलो नाही. घोड्याचा डावा कान गेलाय, शेपूट दोनदा चिकटवलीय, माझ्या मुठीत भाल्याच्या जागी नुसतं भोक उरलंय. पण मी मातीचा स्वार आहे, आणि अमेरिकेतल्या या अख्ख्या नेपरव्हिल गावात माझ्याइतक्या लढाया कोणी पाहिल्या नसतील. हसू नका. सांगतो ते ऐका.

माझा जन्म पुण्याचा. कुंभाराने साच्यात माती दाबली, उन्हात वाळवली, भट्टीत भाजली. मग त्याच्या सुनेने मला लाल अंगरखा, पांढरी पगडी आणि झोकदार मिशी काढली. मिशी काढताना तिचा हात जरा हलला, म्हणून मी कायम किंचित हसल्यासारखा दिसतो. दिवाळीच्या तोंडावर सत्यजित नावाच्या माणसाने मला घेतलं. एका लोकरी मोज्यात गुंडाळून, चकलीच्या डब्याला टेकवून त्याने मला सुटकेसमधून अमेरिकेत आणलं.

दर दिवाळीला सत्यजित गॅरेजमध्ये किल्ला करायचा. माती पिशवीतली, बागकामाच्या दुकानातून आणलेली. तिच्यावर तो अळीव पेरायचा. बाहेर कधीकधी बर्फसुद्धा भुरभुरायचा, पण आमचा किल्ला हिरवागार! त्याची मुलगी इला मला सगळ्यात वरच्या बुरुजावर ठेवायची आणि शेजारच्या मुलांना बोलावून आणायची. काय रुबाब होता माझा!

मग इला मोठी झाली. किल्ल्याचं नाव काढलं की म्हणायची, "बाबा, आय हॅव होमवर्क." एक दिवाळी गेली, दोन गेल्या, तिसरीही गेली. मी बुटांच्या खोक्यात, बर्फ काढायच्या फावड्याखाली पडून होतो. माझ्याबरोबर किल्ल्याच्या पायथ्याचं सगळं गाव होतं: जात्यावरची बाई, गुराखी, दोन गाई, नांगरवाला. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

या मार्चमध्ये मात्र खोकं उघडलं. इला आता आठवीत. तिच्या शाळेत इतिहासाची स्पर्धा होती आणि तिच्या वाट्याला विषय आला होता आयर्लंडमधले नॉर्मन सरदार. पहिले तीन प्रकल्प स्प्रिंगफील्डला राज्याच्या स्पर्धेला जाणार होते. इला सहावीपासून त्यासाठी धडपडत होती. गेल्या वर्षी तिचा पाचवा नंबर आला होता, आणि पुढच्या वर्षी ती हायस्कूलला जाणार. म्हणजे ही शेवटचीच संधी.

तिने मातीचा उंच ढिगारा केला, वर लाकडी काड्यांचा मनोरा, खाली कुंपण. नॉर्मन लोक असलेच किल्ले झटपट उभारायचे म्हणे. फक्त घोडेस्वार मिळत नव्हता. सत्यजितने हळूच मला पुढे केलं.

"बाबा, ही इज अ मावळा!"

"अगं, थांब तर जरा."

झालं! इलाच्या आईचं, रेणूचं, चंदेरी नेलपॉलिश माझ्या अंगरख्यावर फासलं गेलं आणि माझं चिलखत तयार झालं. पगडीवर फॉइलचं टोकदार शिरस्त्राण आलं, नाकावर त्याचीच पट्टी. मिशी झाकली गेली याचं दुःख झालं, पण आरशात पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, वा रे सरदार!

इला रोज माझ्यासमोर उभी राहून भाषणाचा सराव करायची, त्यामुळे मला सगळं पाठ झालं. आठशेहून जास्त वर्षांपूर्वी हे सरदार समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये उतरले. वर राजा. राजाने मोठ्या उमरावाला मुलूख दिला. उमरावाने त्याचे तुकडे करून माझ्यासारख्यांना दिले. बदल्यात मी वर्षातले चाळीस दिवस त्याच्यासाठी लढायला हजर व्हायचं. की जमीन माझी!

"म्हणजे आपल्याकडची जहागीरच की," सत्यजित म्हणाला.

मी तर हवेतच होतो. हिरव्या फेल्टच्या कापडाची केवढी जमीन, आणि ती सगळी माझी!

स्पर्धेच्या शनिवारी सकाळी सत्यजित मला आणि किल्ल्याला गाडीत ठेवत होता. मध्येच तो थांबला.

"इला, पायथ्याला गाव नाही?"

"बाबा, इट्स नॉट दिवाळी. तिथे नुसती लँड होती."

"रिकामी?"

इलाने हिरव्या फेल्टकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "नाही. मी वाचलंय ते. तिथे फॅमिलीज होत्या. जमीन एका माणसाची नसायची, सगळ्या कुळाची असायची. नॉर्मन लोकांनी तीच आपसात वाटून घेतली. आणि त्या कुळांतल्याच कित्येकांना तिथे राबायला ठेवलं."

"मग ती माणसं कुठायत?"

"आय फरगॉट देम."

ती धावत गॅरेजमध्ये गेली आणि खोकं घेऊन आली. आता सत्यजितच घाबरला.

"अगं, ही बाई नऊवारीत आहे! अ‍ॅक्युरसीचे मार्क जातील. राहू दे आता, उशीर झालाय."

"जाऊ देत. नाहीतर माझं मॉडेल खोटं बोलतंय, बाबा."

तिने फेल्टवर एकेक माणूस मांडलं. जात्यावरची बाई, गुराखी, गाई, नांगरवाला. शेजारी एक कार्ड लावलं: ही भारतातली मातीची माणसं आहेत, आज ती आयरिश कुटुंबांच्या जागी उभी आहेत.

शाळेच्या जिममध्ये शेजारच्या टेबलावर दिवे लागणारा, पूल वरखाली होणारा किल्ला होता. आमच्यापुढे परीक्षक बाई आल्या, चष्मा कपाळावर चढवून. त्यांनी कार्ड वाचलं, नऊवारीतली बाई उचलून पाहिली. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "याला जमीन कोणी दिली?"

"त्याच्या लॉर्डने," इला म्हणाली.

"आणि ती त्या लॉर्डची होती का?"

पाठ केलेल्या भाषणात हे उत्तर नव्हतं.

"नाही. ती यांची होती," इलाने गावाकडे हात केला. "जे त्याचं नव्हतं ते त्याने दिलं. म्हणून तर याला एवढा उंच मनोरा लागला."

बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मित्रांनो, माझा सगळा तोरा तिथल्या तिथे उतरला. इतके दिवस मी ज्या हिरव्या कापडाकडे माझं माझं म्हणून पाहत होतो, तिथे आता जात्यावरची बाई बसली होती. तिच्याबरोबर मी तीन वर्षं एका खोक्यात काढली होती, आणि एकदाही ती मला आठवली नव्हती. मला लाज वाटली, अगदी मनापासून.

इला चौथी आली. अचूकतेचे वीसपैकी अकराच गुण मिळाले. ते दिव्यांचं मॉडेल तिसरं आलं आणि स्प्रिंगफील्डला गेलं. गाडीत बसल्यावर इला हमसून हमसून रडली.

सत्यजित म्हणाला, "माझंच चुकलं गं. मी विचारायलाच नको होतं."

इलाने बाहीने नाक पुसलं. "नो बाबा. पुन्हा मॉडेल केलं तरी मी त्या माणसांना ठेवीनच."

आमचं मॉडेल शिक्षकांनी वर्गात ठेवून घेतलंय. मी अजून चंदेरी चिलखतातच आहे. मुलं येतात, आधी मलाच हात लावतात, कारण मी आहेच तसा देखणा! पण विचारतात ते जात्यावरच्या बाईबद्दल: "ही कोण?" आणि मग कोणीतरी कार्ड मोठ्याने वाचतं.

म्हणून एवढंच सांगणं आहे, मित्रांनो. आमच्यासारख्या जुन्या मातीच्या माणसांना खोक्यात कोंबू नका. कान तुटले तर चिकटवा. आणि किल्ला कुठलाही करा, पुण्यातला असो की आयर्लंडमधला, आधी पायथ्याची माणसं मांडा. मला वर चढवायची घाई करू नका. मी घोड्यावर आहे, थांबेन.