मधल्या खुर्चीतला आवाज

मी एक जुना वायरलेस स्पीकर आहे. नेमकं सांगायचं तर जोडीतला डावा. उजवा बरेच दिवस भिंतीपलीकडे राहत होता. मित्रांनो, आम्हा दोघांत कधी भांडण झालं नाही. भांडण मालकांचं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

कारखान्यात आम्ही एकाच टेबलावर तयार झालो. दाबलेल्या लाकडी भुशाची पेटी, आत कागदी पडदा, त्यामागे लोहचुंबक आणि पाठीवर एक बटण. शेवटी आम्हाला शेजारी ठेवून दोघांची बटणं एकदम दाबली आणि आमची जोडी झाली. फोन माझ्याशी बोलणार आणि उजव्याच्या वाट्याचं मी त्याच्याकडे हवेतून पाठवणार, असं ठरलं. ही जोडी सोडवायची असेल तरी पुन्हा शेजारी ठेवून बटणं एकदमच दाबावी लागतात. पुढे जे घडलं ते यावरूनच.

शाहूपुरीतल्या एका दुकानात आम्ही मांडणीवर होतो. तिथे अप्पा आले. कुस्तीच्या मैदानांवर ते समालोचन करत. शाहूवाडीपासून गगनबावड्यापर्यंत कुठेही मैदान भरलं की माईक त्यांच्या हातात असायचा. सोबत बायको तानाबाई आणि दोन तरणी मुलं होती, थोरला अमरसिंह आणि धाकटा हंबीरराव. दुकानदारानं त्यांच्यापुढे दिव्यांचा लखलखाट करणारा एक उंच स्पीकर ओढला.

"पावणं, ह्यो एकच घ्या. अख्खी गल्ली उठवतोय. घरात कोण डावं-उजवं ऐकत बसतंय?"

"बराबर हाय की," अमरसिंह म्हणाला. "आवाज मोठा आला म्हंजे झालं."

"मोठा आवाज माझा बी हाय," अप्पा म्हणाले. "हलगी कुठल्या अंगाला हाय आणि माणसं कुठल्या, ते कळाय पायजे मला."

त्यांनी आम्हा दोघांना काउंटरच्या दोन टोकांना ठेवायला लावलं, समोर स्टूल घेतलं आणि फोनवर आपल्याच एका मैदानाचं रेकॉर्डिंग लावलं. माझ्यातून हलगी कडाडली. उजव्यातून माणसांचा कल्ला आला. अप्पांचा आवाज मात्र दोघांत सारखा भरलेला होता, त्यामुळे तो ना माझ्यातून येतोय असं वाटलं ना उजव्यातून. तो आमच्या मधोमध उभा राहिला.

तानाबाई तिथे वाकून बघू लागली. "अवो, हितं तर कायच न्हाय की!"

"म्हणून तर दोन घ्यायचं," अप्पा हसले.

दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता, हेही सांगायला हवं. स्वयंपाक करताना गाणी ऐकायची, बातम्या लावून घरभर फिरायचं, तर एक स्पीकर पुरतो. दोन लागतात ते समोर बसून ऐकणाऱ्याला. अप्पा बसायचे.

त्यांच्या घरी माझी चांगली वर्षं गेली. पाहुणे आले की अप्पा त्यांना नेमक्या जागी बसवायचे आणि पाहुणे मान डोलवायचे. तानाबाई दर शनिवारी मऊ फडक्यानं माझी धूळ पुसायची. मग अप्पा गेले. तानाबाईनं त्यांची खुर्ची उचलून आमच्या मधोमध ठेवली. संध्याकाळी ती समोर बसायची, डोळे मिटायची आणि ते रेकॉर्डिंग लावायची. अप्पा खुर्चीतून बोलायचे.

भावांचं फाटायला फार काळ लागला नाही. गाडी कोण वापरणार, पाण्याची टाकी कोण भरणार, रोज एक नवं कारण निघायचं. अखेर भावकीतले पंच बसले आणि वाटणी झाली. भांडी, गाद्या, पंखे, सगळं समसमान. आईसुद्धा एकेक महिना. शेवटी आमच्यावर बोट आलं.

"दोन स्पीकर, दोन भाऊ. ह्यात काय इचार करायचा?" एक पंच म्हणाले.

"जोडी हाय ती," तानाबाई म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही. हॉलच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली, नेमकी खुर्चीच्या जागी. खुर्ची अमरसिंहकडे आली, मीही आलो.

मग रोजचा तमाशा सुरू झाला. आमची जोडी भिंतीनं तुटली नव्हती. सकाळी अमरसिंहनं बातम्या लावल्या की पलीकडे उजवाही त्याच सांगायचा. हंबीररावला त्याच्या स्पीकरवर गाणं ऐकायचं असेल तर त्याच्या फोनला आधी माझ्याशी बोलावं लागायचं. मग अर्धं गाणं थोरल्याच्या घरात वाजायचं.

"तुझी थेरं तुझ्या घरात कर!" अमरसिंह भिंतीवर थाप मारायचा.

"तुझा खोका बंद कर आधी! माझ्या घरात का बोंबलतोय त्यो?"

"माझाच हाय, काय करायचं ते करीन!"

एकदा रागाच्या भरात अमरसिंहनं मला तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मी तसाच पडून राहिलो. धूळ पुसायची सोय उरली नव्हती, कारण तानाबाईचा तो महिना पलीकडे होता.

ती परत आली तेव्हा तिनं मला सरळ केलं, खुर्ची शेजारी ओढली आणि रेकॉर्डिंग लावलं. हलगी आली. अप्पाही आले, पण खुर्चीतून नाही, माझ्या पेटीतून.

"असं वाटतंय की डब्यात कोंडलंय त्यास्नी," ती म्हणाली आणि तिनं मला बंद केलं.

शेवटी भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं: जोडी कायमची तोडायची. त्यासाठी दोघांना एकत्र यावं लागणार होतं. एकमेकांच्या घरात पाऊल टाकणं दोघांनाही नको होतं. पुढच्या दाराचा कट्टा वाटणीतून सुटला होता, तिथे ते मला आणि उजव्याला घेऊन आले. मी म्हणतो तेव्हा दाब, न्हाय मी म्हणतो तेव्हा, यावरूनच पुन्हा जुंपली.

तानाबाई बाहेर आली. "तोडा की. पर एकदा मला ऐकू द्या."

तिनं आम्हाला कट्ट्याच्या दोन टोकांना सरकवलं, खुर्ची आणून मध्ये ठेवली आणि स्वतः समोर पायरीवर बसली. मी हलगी वाजवली. उजव्यानं कल्ला केला. मधल्या रिकाम्या खुर्चीतून अप्पा गरजले, "आरं, लढायचं तर लढा, पर आधी हात मिळवा की रं पोरांनो!"

भावांनी हात मिळवले नाहीत. हंबीरराव खुर्चीकडे बघत राहिला, अमरसिंहनं मान वळवली. रेकॉर्डिंग संपलं तसे दोघे बटणांकडे वळले.

"थांबा," तानाबाई उठली. "वाटणीत मला काय दिलंसा?"

दोघांची बोटं बटणांवरच थांबली.

"भांडी घेतलीसा, गाद्या घेतल्यासा, मला बी महिन्या-महिन्यानं वाटून घेतलंसा. ही जोडी माझी. मी जिकडं, तिकडं ही. ज्याला तोडायची आसंल त्यानं मी गेल्यावर तोडावी."

"आये, पर माझा स्पीकर..." अमरसिंह म्हणाला.

"तुझा कुठला रं? तुझ्या बापानं घेतलाय."

तिनं आम्हाला एकाच पिशवीत घातलं. मित्रांनो, इतक्या दिवसांनी मला उजव्याचा धक्का लागला.

भाऊ अजून बोलत नाहीत. महिना संपला की तानाबाई पिशवी उचलते आणि कट्ट्यावरून पलीकडे जाते. खुर्ची अमरसिंहच्या वाटणीची म्हणून ती तिथेच राहते. हंबीररावकडे ती मध्ये स्टूल ठेवायची. गेल्या खेपेला गेलो तर स्टुलाच्या जागी नवी कोरी खुर्ची होती. हंबीररावची मुलं तिच्यावर बसायला गेली तर तोच त्यांना ओरडला.

मित्रांनो, स्पीकर घ्यायला गेलात तर एक घ्यायचा की दोन, हे तुमचं तुम्ही ठरवा. समोर बसून ऐकायला वेळ नसेल तर एकच घ्या, आम्हाला उगाच राबवू नका. पण जोडी घेतलीत तर धूळ पुसा, तोंड भिंतीकडे करू नका, आणि आमच्या दोघांमध्ये एका खुर्चीपुरती जागा सोडा.