बंद करण्याचे कारण

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईला साइटवर सगळे 'टाचणी' म्हणत. आपल्या घराण्याचा, पूर्वजांचा शोध घेणाऱ्या लोकांची ती प्रश्नोत्तरांची साइट. कुणी विचारायचं, पणजोबांचा भाऊ बोटीत चढला तो उतरला कुठे. कुणी विचारायचं, आमचं आडनाव मध्येच का बदललं. टाचणी तिथली मॉडरेटर. 'आमचे पूर्वज सेनापती होते' असं कुणी ठोकून दिलं की खाली तिचा एकच शब्द यायचा: "पुरावा?" काम बिनपगारी.

"लष्कराच्या भाकऱ्या," नवरा म्हणायचा.

"तुझ्या वाटच्या करपत नाहीत ना? मग भाजू दे."

एका दुपारी साचे सुकत ठेवून तिने फोन उघडला, तर एक नवा प्रश्न आला होता. एका बड्या वकिलाने आपली वंशावळ साइटवर मांडली होती. त्यात त्याच्या वडिलांच्या धाकट्या बहिणीपुढे 'बालपणीच निधन' असं लिहिलं होतं. कुणीतरी विचारलं होतं, "ही मुलगी कशाने वारली, कुणाला ठाऊक आहे का?"

प्रश्न साधा होता. तिने तो राहू दिला. पण संध्याकाळच्या आत वकिलाची तक्रार आली: घराण्याची बदनामी होते आहे, ताबडतोब काढा. मृत्यूचं कारण विचारण्यात बदनामी कसली, हे टाचणीला कळेना. तिने प्रश्न विचारणारीकडून नंबर घेऊन फोन लावला.

पलीकडचा आवाज खणखणीत होता. बाई टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली.

"त्या मुलीच्या तुम्ही कोण?" टाचणीने विचारलं.

"ती मुलगी मीच."

टाचणी हातातली मेणाची पट्टी खाली ठेवून स्टुलावर बसली.

"कॉलेजात असताना घर सोडलं," बाई सांगू लागली. "बस चालवणाऱ्याशी लग्न केलं. तू आम्हाला मेलीस, असं भाऊ म्हणाला. मला वाटलं, रागात बोलतो माणूस. यांनी ते खरंच लिहून ठेवलं हो! आणि वर बालपणीच! म्हणजे माझी तरुणपणीची वर्षंसुद्धा गिळली."

"पण आत्याबाई, जिवंत माणसांबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत, हा आमचा पहिला नियम. मला प्रश्न बंद करावा लागेल."

"करा की. बंद केलेला प्रश्न दिसत राहतो, आणि वर कारण असतं. माझ्या प्रश्नावर काय लिहाल?"

"हेच की... ही व्यक्ती हयात आहे."

"तेवढंच लिहा," बाई म्हणाली. "दुसरं काही मागत नाही मी."

टाचणीला हसू आलं. पण नुसत्या फोनवरच्या आवाजावर लिहिलं, तर वकील 'ही तोतया' म्हणून मोकळा होणार. घरच्यांपैकी कुणी म्हणायला हवं होतं. भाऊ तर गेलेला. "वहिनी आहे," बाई म्हणाली, "पण त्या घरात तिने कधी तोंड उघडलं नाही."

मग टाचणीने वकिलालाच फोन केला.

"एक ओळ लिहा, साहेब. आत्या जिवंत आहे. त्या क्षणी प्रश्न बंद करते. आणि ती वारली असेल, तर प्रश्न नियमात बसतो, तो राहणार."

वकील म्हणाला, "शाळेत मी तिच्यावर निबंध लिहिला होता. 'माझी न पाहिलेली आत्या.' बक्षीस मिळालं होतं."

"आणि खरं कधी कळलं?"

"वडील गेल्यावर. पण तोवर ती नसल्याचीच सगळ्यांना सवय झाली होती. आता वडिलांना खोटं पाडू?"

"त्यांना नका पाडू. पण मग तिला किती वेळा मारणार?"

त्याने फोन ठेवला, आणि थोड्या वेळात 'मूळपुरुषा'चा फोन आला. साइट सुरू करणाऱ्या गृहस्थाला सगळे मूळपुरुष म्हणत.

"उडव ती पोस्ट. वकील नोटीस पाठवतोय."

"कुठल्या नियमाखाली?"

"नियम गेले खड्ड्यात!"

"नियम तुम्हीच लिहिलेत. मी त्यांच्यापायी चांगल्या चांगल्यांना गप्प केलंय. गरिबाच्या पणजोबाला पुरावा मागायचा आणि वकिलाच्या बापाला सोडायचं? माझ्या हातून नाही उडणार. तुम्ही उडवा, आणि खाली आपलं नाव लिहा."

मूळपुरुष शिव्या घालत राहिला, पण त्याने स्वतः पोस्ट उडवली नाही.

दुसऱ्या दिवशी कवळी घासताना टाचणीचा फोन वाजला. त्या प्रश्नाखाली उत्तर आलं होतं. लिहिणारीने त्याच सकाळी नाव नोंदवलेलं. प्रत्येक शब्द चाचपडत टाईप केलेला.

"ती वारली नाही. मी तिची वहिनी. काल मुलाचं फोनवरचं बोलणं ऐकलं. ती गेली तेव्हा तिची बॅग मी भरून दिली. हे आमच्या ह्यांना कधी कळलं नाही. आज माझ्या मुलाला कळू दे. एवढं वय झालं, आता कुणाला भ्यायचं?"

टाचणीने ते दोनदा वाचलं. हात पुसले. प्रश्न बंद केला आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं: "प्रश्नातली व्यक्ती हयात आहे. पुरावा: वहिनीचं उत्तर." ही पाटी प्रश्नाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत झळकली.

वकिलाने आपली वंशावळ साइटवरून काढून घेतली, पण प्रश्न राहिला. मूळपुरुषाने टाचणीचे अधिकार काढले. तिला वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्याची नीट निगा राखली ते घर दुसऱ्याच्या हाती जावं, तसं. नवऱ्याने मात्र प्रथमच भाकऱ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आत्याबाईचा फोन आला. वहिनीशी बोलणं झालं होतं, भरपूर. "आधी रडलो, मग भांडलो," ती म्हणाली. "बॅगेत तिने माझी चांगली चप्पल घातलीच नव्हती!"

काही आठवड्यांनी मूळपुरुषाचा फोन आला. तक्रारींचा ढीग साचलाय, गप्पिष्टांनी साइट डोक्यावर घेतलीय, परत ये.

"येते. पण एक नियम वाढवा. कुणाला जिवंतपणी मेलेलं दाखवलं असेल, तर त्याने स्वतः सांगितलं की नोंद बदलायची. घरच्यांची परवानगी नको."

"आणि तो खरंच जिवंत आहे हे कशावरून?"

"फोन करायचा. उचलला तर जिवंत."

मूळपुरुष कुरकुरला, पण त्याने लिहायला घेतलं. "भाषा जरा सभ्य ठेवू का?" त्याने विचारलं.

"ठेवा. अर्थ तेवढा पातळ करू नका," असं म्हणून तिने फोन ठेवला. साच्यातलं प्लास्टर घट्ट व्हायला लागलं होतं.