टाचेवरचं परदेशी नाव

मित्रांनो, माझ्या टाचेवरचं परदेशी नाव वाचून मला साहेब समजू नका. मी एक जुना रबरी फिन, जोडीतला डावा. पाणबुडे बदकासारखे पंजे पायात घालून पोहतात ना, त्यातला. समुद्र मी कधी पाहिला नाही. माझा जन्म नाशिकच्या अंबडमधल्या एका शेडमध्ये झाला.

तिथे रबरात गंधक आणि काजळी मिसळून काळी पोळी लाटत आणि तापल्या साच्यात दाबत. साच्यात नावाची पट्टी स्क्रूने बसवलेली असे. व्यापारी बदलला की पट्टी बदलायची. सकाळी जन्मलेल्या माझ्या भावांना गोव्याचं नाव मिळालं, दुपारी मला परदेशी. सख्खी भावंडं, पण आडनावं वेगळी! साच्यातून निघालो की विंचूरच्या चतुराबाई आमचे वाढलेले काठ कापत. त्या डावखुऱ्या, म्हणून टाचेवरचा त्यांचा काप जरा तिरका उतरे.

मग मी खोक्यात बसून मुंबईला गेलो आणि मोठ्या ऐटीत नाशिकलाच परतलो. पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते खोटं नाही. मला घेतलं सोमनाथने. तो गंगाघाटावरचा जीवरक्षक आणि चतुराबाईंचाच जावई. तीन पावसाळे आम्ही गोदावरीत उतरलो, बुडणाऱ्यांना काठावर आणलं. लोक म्हणत, "फॉरेनचा माल आहे, म्हणून!" मला लाज वाटे आणि खरं सांगतो, सुखही वाटे.

सोमनाथचा माझ्यावर भारी जीव. दर रविवारी तो मला खोबरेल चोळून चकचकीत करी. त्या मायेनेच मी आतून मऊ, चिकट होत गेलो. रबराचं आणि तेलाचं वैर असतं, हे त्याला कोण सांगणार?

यंदा खंडेनवमीला चतुराबाई लेकीकडे, सायलीकडे आल्या. पूजेच्या पाटावर मी होतो, शेजारी तेलाची वाटी. त्यांनी टाच पाहिली आणि आपला काप ओळखला. जावयाला शिकवायचं म्हणजे अवघडच. पदर सावरत त्या म्हणाल्या, "जावईबापू, रबराला तेल नका लावू. सडतं ते."

"आई, हे इम्पोर्टेड आहे. तुमच्या कंपनीतलं नाही," सोमनाथ हसला.

पण दुसऱ्या दिवशी देवीचं विसर्जन होतं, धरणातून पाणी सोडलेलं होतं. त्यांनी मला पाटावरून उचललं आणि दोन्ही हातांनी टाच ओढली. मी टर्रकन फाटलो.

"आई! पूजेतलं फाडलंस?" सायली ओरडली.

"माझ्या म्हातारीच्या हातानं फाटतंय, गंगेच्या वढीत काय टिकनार व्हतं?" चतुराबाईंनी फाटलेली टाच जावयापुढे धरली. "नाव लय मोठं हाय. पन माझी लेक काय त्या नावाकडं बघून जन्म काढनार?"

सोमनाथने माझी फाटलेली कड चाचपली. बोटाला काळा चिकटा लागला. त्याने माझ्या उजव्या भावाला ओढलं, तोही फाटला. त्याने तेलाची वाटी बाजूला सारली.

"मग उद्या काय घालू, आई?"

"कोनच्या बी नावाचं घाला. फक्त आधी टाच वढून बघा."

दुसऱ्या दिवशी त्याने मित्राची जोडी घेतली, टाचा ओढून पाहिल्या आणि मगच तो पाण्यात उतरला. संध्याकाळी ओल्या अंगाने दारात येऊन म्हणाला, "आई, भूक लागली."

मित्रांनो, आम्हाला स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, तेल मात्र लावू नका. आणि ज्यांच्या हातांनी वस्तू घडते, त्यांचं जरा ऐकत जा. फाटताना मला दुखलं. पण माझ्यामुळे सायलीच्या दारात कुणाला रडत बसावं लागलं नाही, एवढं सुख मला पुरे आहे.