चाळीस तबकड्या

धाकटी जाऊ माझ्यानंतर सहा वर्षांनी घरात आली आणि दोनच वर्षांत मी होते त्याच इलेक्ट्रॉनिक चिपांच्या कारखान्यात लागली. मी भांडारात, ती नियोजनात. सासूबाई शेजारणींना सांगत, "दोघी सुना वेफर्स तळतात." धाकटी हसून सोडून द्यायची, मी दर वेळी समजावत बसायचे.

आमच्या चिपा खेळण्यांत बसायच्या, म्हणून हंगाम वर्षअखेरीचा, पण तयारी चार-पाच महिने आधीपासून. गोल तबकडीवर शेकडो चिपा एकत्र असतात. एकदा कापून गिऱ्हाइकाच्या मापाच्या प्लास्टिकच्या वेष्टनात कायमच्या बसवल्या, की त्या एकाच गिऱ्हाइकाच्या कामाच्या. म्हणून निम्म्या तबकड्या अखंडच कपाटात ठेवायच्या आणि लेखी मागणी आल्यावर कापायच्या. किती ठेवायच्या, हा अंदाज धाकटीचा. तो चुकत नसे. साहेब म्हणत, "हिला हंगामाचा वास येतो." माझ्या पोटात दुखायचं.

त्या वर्षी भांडारप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. नावं दोनच होती, तिचं आणि माझं.

नेमका तिचा मुलगा तापाने आजारी पडला आणि ती चार दिवस घरी राहिली. दुसऱ्याच दिवशी खेळणीवाल्यांचा माणूस फोनवर म्हणाला, "गेल्या वर्षीसारखंच समजा." मला वाटलं, ही येईपर्यंत सगळा माल तयार करून दाखवावा. चाळीस तबकड्या कापून वेष्टनात बसवायला पाठवल्या. चिठ्ठीवर नियोजनाची सही लागते. तिच्या नावापुढे मीच सही ठोकली.

लेखी मागणी आली ती वेगळीच. खेळणं आता चपटं झालं होतं, आमच्या चिपांचं जाड वेष्टन त्यात मावेना. साहेब खोक्यांच्या थप्पीकडे बघत म्हणाले, "माल डोळ्यांसमोर आहे, पण त्याची किंमत आजपासून शून्य धरा." मग त्यांनी चिठ्ठी धाकटीपुढे सरकवली.

"तुम्ही तर रजेवर होतात. मग ही सही?"

माझं अक्षर ती रोज भाजीच्या यादीत वाचायची. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सही जाऊबाईंनी केली, पण मी सांगितलं म्हणून. घरून फोन केला होता मी."

मी तोंड उघडलं नाही. जागा मला मिळाली.

घरी जाताना विचारलं, "असं का केलंस गं?"

"तुम्हाला ती जागा फार हवी होती, जाऊबाई. मला काही तेवढी नव्हती."

अकरा वर्षं मी त्या खुर्चीत बसले. हंगाम नीट पार पडले, कारण अंदाज तीच देत होती. घरात आमची कडाक्याची भांडणं झाली, पण त्या दिवसाचा विषय तिने कधी काढला नाही. आता दोघींचेही केस पिकलेत. नातेवाईक म्हणतात, धाकटीचं मन मोठं, आणि मी मान डोलावते. तिने एकदा तरी टोमणा मारला असता, तर आमची फिटंफाट झाली असती. तेवढंही तिने मला मिळू दिलं नाही.