घाटात रंगवलेलं आभाळ

भोर-वेल्ह्यातल्या निम्म्या टेम्पोंच्या मागच्या फाळक्यांवर समुद्र होता, आणि तो सगळा इब्राहीम पेंटरच्या हातचा. निळं पाणी, एक माड, लाल सूर्य. खरा समुद्र मात्र पन्नाशी आली तरी त्यानं पाहिला नव्हता. गेल्या वर्षी भोरचं चित्रप्रदर्शन भरवणाऱ्या आनंदराव सरांनी त्याचं चित्र परत पाठवलं. "इब्राहीमभाई, हे कॅलेंडर झालं. डोळ्यांनी पाहिलेलं काही काढलंत तर आणा."

एरवी इब्राहीम घरच्या चहाला रोज नावं ठेवायचा. पण दोन दिवस त्यानं चहाला नावं ठेवली नाहीत, तेव्हा घाव किती खोल गेलाय ते घरात सगळ्यांना कळलं.

त्याची लेक नुजहत नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. यंदा दिवाळी सरल्यावर ती अब्बांना घेऊन हरिहरेश्वरला गेली. साडेचारच्या तिरप्या उन्हात इब्राहीम खडकावर बसला आणि अंधारायच्या आत प्लायवूडवर समुद्र उतरला. निळा नव्हेच, राखाडी, हिरवट, आतून ओढ असलेला. नुजहत बघतच राहिली.

तैलरंग त्यानं पहिल्यांदाच हातात घेतले होते. "एनॅमल कसा, रात्रीत वाळतो. हा कधी वाळायचा?"

"हवेतला ऑक्सिजन घेत घेत तेल घट्ट होतं, अब्बा. आठवडा तरी लागेल."

"त्या ऑक्सिजनला सांग, परवा सकाळी प्रदर्शन आहे."

दुसऱ्या दिवशी महाडहून भोरच्या एसटीत इब्राहीम ते ओलं चित्र गुडघ्यांवर उभं धरून बसला. बिरवाडीला भोरजवळच्या उत्रोलीची बाळाबाई चढली, लेकीकडून बोचकं घेऊन. वरंध्याच्या घाटातल्या एका वळणावर गाडी अशी कलली, की बाळाबाईचं बोचकं सुटलं आणि चित्राच्या वरच्या अंगावर घासत गेलं. पाणी वाचलं. आभाळाचा मात्र चिखल झाला.

"आगं आई! म्या काय मुद्दाम केलं व्हय? पण वला रंग घिऊन कोन फिरतं, पेंटर?"

इब्राहीमचा चेहरा उतरला. "संपलं. आता यंदाही नाही."

घाटमाथ्यावर गाडी भज्यांसाठी थांबली. "धाच मिंटं!" कंडक्टर धनाजी ओरडला.

नुजहतनं घड्याळ पाहिलं. चार पंचवीस. खाली उतरून तिनं पश्चिमेकडे पाहिलं आणि धावतच परत आली. "अब्बा, चला. सूर्य कालच्याच उंचीवर आहे, ढगही तसेच विरळ. आणि खाली कोकण आहे, म्हणजे हे समुद्राच्याच बाजूचं आभाळ. रंग ओला आहे म्हणून तर खरवडता येईल!"

इब्राहीमनं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा दरीकडे. मग चित्र कठड्यावर टेकवून रंगांच्या पिशवीतल्या पुट्टीच्या पट्टीनं आभाळ साफ खरवडलं.

"धा मिंटांत व्हतंय व्हय, पेंटर?" धनाजीनं भजं चावत विचारलं.

"टेम्पोवाला डोक्यावर उभा असतो, मास्तर. तीस वर्षं असंच काम केलंय."

आणि खरंच, हात असा चालायला लागला की लोक भजी विसरले. आधी क्षितिजाजवळचा पिवळट पट्टा, त्यावर थंड निळा, मग रुंद ब्रशच्या चार फटकाऱ्यांत ढग. एकही फटकारा दुसऱ्यांदा नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"आरं दम धर की!" बाळाबाई त्याच्यावर खेकसली. "हितं आभाळ व्हतंय!"

तेराव्या मिनिटाला इब्राहीमनं ब्रश पुसला. भोरपर्यंत बाळाबाई बोचकं पायाखाली दाबून, दोन्ही हात आडवे धरून चित्राची राखण करत बसली.

प्रदर्शनात आनंदराव सर चित्रासमोर बराच वेळ थांबले. "समुद्र पाहून आलात तर. आभाळही तिथलंच?"

नुजहतला खोटं बोलणं जमणार नव्हतं. "नाही सर. समुद्र हरिहरेश्वरचा, आभाळ वरंध्याचं. ऊन मात्र एकाच वेळेचं."

"घाटात बसून काढलं?"

"उभ्यानं," इब्राहीम म्हणाला. "बसायला एसटी थांबली नसती."

सर हसले नाहीत. त्यांनी मधल्या भिंतीवरचं स्वतःचं चित्र उतरवलं आणि त्या खिळ्यावर इब्राहीमचं लावलं.

दुपारी बाळाबाई उत्रोलीच्या पाच-सहा बायका घेऊन आली. चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे आमच्या भोरच्या पेंटरचं. लांबनं बगा, वलं हाय आजून. आन् ह्ये आभाळ, ह्ये म्या पुसलं म्हनून येवढं चांगलं आलंय."

इब्राहीमनं मान डोलावली. "खरंय बाई. पहिलं इतकं साधलं नव्हतं."